तंबू कुठं लावायचा, खड्डा किती खणायचा: कॅम्पिंगवाल्यांचे प्रश्न

गेल्या अंकात आपण विचारलं होतं की बाहेर राहायला जाताना निसर्गाला कमीत कमी त्रास व्हावा म्हणून काय करायचं याबद्दल तुमच्या काही शंका आहेत का, तर भरपूर पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत. सगळ्या उत्तरांची लांबी सारखी नाहीये, जिथं समजावून सांगायची गरज वाटली तिथं सविस्तर लिहिलंय.

प्रश्न: ताई, आम्ही चौघं मित्र मुद्दाम अशी जागा शोधतो जिथं अजून कुणी राहिलेलं नाही. रोजच्या कॅम्पच्या जागा बघवत नाहीत, सगळं गवत गेलेलं, माती उघडी, दगडांची चूल. आम्ही नवीन जागी एक रात्र राहतो आणि एक कागदाचा तुकडाही मागं ठेवत नाही. पण एक मित्र म्हणतो की आपण जास्त नुकसान करतोय. हे कसं काय?

उत्तर: मित्राचं बरोबर आहे, आणि सगळ्यात आधी हाच प्रश्न घेतला कारण कचरा उचलला की आपलं काम झालं असं बहुतेक लोकांना अगदी मनापासून वाटतं, आणि ज्यांना वाटतं ते सगळे चांगलेच लोक असतात.

माणसांच्या वावरानं जमिनीवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करणारी रिक्रिएशन इकॉलॉजी नावाची एक शाखाच आहे. अमेरिकेत डेव्हिड कोल, जेफ मेरियन अशा संशोधकांनी वर्षानुवर्षं कॅम्पच्या जागा मोजून, मुद्दाम पायांनी तुडवून वगैरे प्रयोग केले. त्यातून एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली, ती म्हणजे नुकसान वापराच्या प्रमाणात वाढत नाही. कोऱ्या जागेवर पहिल्या काही रात्रींतच सगळ्यात जास्त झाडोरा मरतो आणि माती दबते. त्यानंतर तिथं आणखी कितीही लोक राहिले तरी नुकसान अगदी हळू वाढतं, कारण मरण्यासारखं बरंचसं आधीच मेलेलं असतं. म्हणजे तुम्हाला जी उघडी बोडकी जागा बघवत नाही तिथं तुमच्या चौघांच्या एका रात्रीनं फारसा फरक पडत नाही, आणि जी सुंदर कोरी जागा तुम्ही शोधून काढता तिथं तुमची ती एकच रात्र सगळ्यात महागाची असते. शिवाय झोपलेलं गवत आणि टेंटचा चौकोन बघून पुढचा ग्रुप म्हणतो अरे इथं जागा आहे की, आणि तो पण तिथंच उतरतो.

त्यामुळे जिथं लोकांची नेहमी ये-जा आहे तिथं आधी वापरलेल्या जागेतच राहायचं आणि तेही तिच्या मधोमध. टेंट, बॅगा, स्वयंपाक सगळं उघड्या मातीवर, कडेच्या गवतात पसरायचं नाही, कारण या जागा कडेकडेनंच मोठ्या होत जातात, आज एक टेंट जरा बाजूला, उद्या अजून एक. पंचवीसजणांच्या ग्रुपबद्दल पण एका वाचकानं विचारलंय, त्याचं उत्तर यातच आहे, एवढे लोक एका जागेत मावत नाहीत म्हणून ती जागा ताणली जाते. सरळ तीनचार गट करा आणि वेगवेगळ्या तयार जागांवर उतरा.

आता खरोखरच कुणी फिरकत नाही अशा भागात गेलात तर नियम बरोबर उलटा होतो. तिथं पांगायचं. टेंट एकमेकांपासून लांब लावायचे, टेंटपासून पाण्यापर्यंत एकाच रेषेत दहा वेळा जायचं नाही (नाहीतर संध्याकाळपर्यंत पायवाट तयार), कॅम्पवर पोचलं की जड बूट काढून हलक्या चपला घालायच्या आणि दुसऱ्या रात्री जागा बदलायची. खडक, वाळू, खडी, वाळलेलं गवत हे सगळं तुमचं वजन सहन करतं. ओली मऊ जमीन, नेचे, रुंद पानांची कोवळ्या देठांची झुडपं हे सहन करत नाहीत. वाळवंटी भागात तर जमिनीवर एक काळपट खडबडीत पापुद्रा असतो, तो जिवंत असतो, त्यात सायनोबॅक्टेरिया, दगडफूल, शेवाळं असं सगळं एकत्र राहतं आणि तेच माती धरून ठेवतं. त्यावर एक पाऊल पडलं तर तो सावरायला काही ठिकाणी कित्येक दशकं लागतात.

या दोन्हीच्या मधली तिसरी एक जागा असते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. अर्धवट वापरलेली जागा. थोडंसं गवत झोपलंय, एखादा काळा दगड दिसतोय, पण अजून पूर्ण उघडी पडलेली नाही. तिथं चुकूनही थांबू नका. ती अजून भरून येऊ शकते, तुम्ही राहिलात तर कदाचित नाही येणार.

आणि टेंटच्या भोवती चर खणायची जुनी सवय अजून बऱ्याच जणांना आहे असं पत्रांवरून दिसतंय, ती सोडा. हल्लीच्या टेंटचा तळ वॉटरप्रूफ असतो, थोडी उंचावरची जागा निवडली की काम होतं, आणि चरातून पावसाचं पाणी जोरात वाहून मातीच घेऊन जातं.

प्रश्न: विचारायला लाज वाटते पण कुणीतरी नीट सांगायला हवं. जंगलात टॉयलेटचं काय करायचं? झुडपामागं जाऊन वर दगड ठेवणं पुरेसं आहे का?

उत्तर: लाज कसली, कॅम्पिंगमधला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि नाही, दगड ठेवणं अजिबात पुरेसं नाही. दगडाखाली हवा आणि मातीतले जिवाणू नीट पोचत नाहीत, घाण तशीच राहते, पाऊस आला की वाहून ओढ्यात जाते आणि खालच्या अंगाला कुणीतरी तेच पाणी पितं.

जवळपास बांधलेलं टॉयलेट असेल तर तेच वापरायचं. नसेल तर पाणी, पायवाट आणि कॅम्प या तिन्हींपासून कमीत कमी ६० मीटर लांब जायचं, मोठ्या माणसाची साधारण ७० ते ८० पावलं. छोटं खुरपं न्यायचं आणि १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा खणायचा. याच खोलीला वरची काळी भुसभुशीत माती असते आणि कुजवणारे जीव तिथंच असतात, जास्त खोल गेलात तर ते कमी होत जातात. काम झालं की त्याच मातीनं बुजवून वर पालापाचोळा पसरायचा. पण पुरलं म्हणजे संपलं असं समजू नका, अमेरिकेतल्या डोंगराळ भागात केलेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की पुरलेल्या विष्ठेतले रोगजंतू अख्खा हिवाळा काढूनसुद्धा जिवंत राहतात. म्हणून अंतर पाळणं खड्ड्याइतकंच महत्त्वाचं.

टॉयलेट पेपर पुरायचा नाही, जाळायचा तर अजिबात नाही, कोरड्या दिवसात तेवढ्यानं वणवा लागू शकतो. झिपलॉक पिशवीत घालून परत आणायचा. वेट वाइप्समध्ये बहुतेक वेळा प्लॅस्टिकचे धागे असतात आणि सॅनिटरी पॅड, टॅम्पॉन प्राणी वासानं उकरून काढतात, त्यामुळे तेही सगळं परत. एक गडद रंगाची घट्ट बंद होणारी पिशवी यासाठी वेगळी ठेवली की कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही, विशेषतः मुलींसोबत जाताना लीडरनं निघायच्या आधीच हे सगळ्यांना सांगून टाकावं म्हणजे कुणाला तिथं विचारत बसावं लागत नाही.

जिथं माती कमी, थंडी जास्त किंवा नुसता खडक, तिथं खड्ड्याचा उपयोगच नाही कारण तिथं कुजायची क्रियाच नीट होत नाही. तिथं खास पिशव्या मिळतात, आत पावडर असते ती घाण घट्ट करते आणि वास दाबते, आणि पिशवी खाली घेऊन यायची. कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीवर ही पद्धत बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि एव्हरेस्टला जाणाऱ्यांना २०२४ पासून स्थानिक पालिकेनं अशा पिशव्या सक्तीच्या केल्या.

लघवीचं फारसं काही नाही, पण झाडापानांवर करण्यापेक्षा खडकावर किंवा उघड्या मातीवर केलेली बरी. त्यातल्या मिठासाठी काही प्राणी, डोंगरी शेळ्यांसारखे, झाडं आणि माती उकरतात.

प्रश्न: शेकोटीशिवाय कॅम्प म्हणजे काय मजा? आम्ही फक्त वाळलेली लाकडंच वापरतो आणि निघताना माती टाकून विझवतो. चालेल ना?

उत्तर: शेकोटीभोवती बसण्यात काय असतं ते मला माहितीय, त्यामुळे सरसकट नको असं मी म्हणणार नाही. आधी एवढंच बघा की त्या भागात त्या दिवसात आग लावायला परवानगी आहे का, वारा आहे का, आणि आधीची केलेली जागा आहे का. तिन्हीतलं एक जरी बिनसलं तर स्टोव्हवर स्वयंपाक करा आणि अंधारात बसा, अंधारात डोळे सरावले की जे आकाश दिसतं ते आगीसमोर बसून कधीच दिसत नाही.

वाळलेलं लाकूड म्हणजे निरुपयोगी लाकूड नाही हो. पडलेल्या ओंडक्यात किडे राहतात, त्यांच्यावर पक्षी जगतात, ते कुजून पुढच्या झाडांची माती होते. कॅम्पच्या आजूबाजूला दरवेळी सगळं लाकूड गोळा झालं की तो पट्टा गुळगुळीत झाडलेल्या अंगणासारखा होतो. म्हणून लाकूड आपल्या मनगटापेक्षा बारीक, जमिनीवर पडलेलं, हातानं मोडणारं आणि तेही लांबलांबून थोडं थोडं. उभ्या झाडाची फांदी, ती वाळलेली असली तरी, तोडायची नाही कारण ढोलीत राहणारे बरेच पक्षी अशा वाळक्या झाडांत असतात. लाकूड घरून गाडीत टाकून नेणं तर आणखी वाईट. एमराल्ड ॲश बोरर नावाचा आशियातला एक हिरवा भुंगेरा २००२ साली अमेरिकेत मिशिगनला सापडला, त्यानं तिथली कोट्यवधी ॲशची झाडं मारली, आणि तो इतक्या लांब लांब पसरला त्यात लोकांनी इकडून तिकडे नेलेल्या सरपणाचा मोठा हात होता.

आता विझवण्याबद्दल. माती टाकणं ही सगळ्यात धोक्याची पद्धत आहे, कारण मातीखाली निखारे तासन्‌तास धगधगत राहतात, वरून काही दिसत नाही आणि सकाळी एखादं पोर अनवाणी त्यावर पाय देतं. जमिनीत मुळं किंवा कुजलेला थर जाड असेल तर आग आतल्या आत सरकत जाऊन दुसरीकडे वर येते. लाकूड पूर्ण राख होईपर्यंत जळू द्या, मग पाणी ओता, काठीनं ढवळा, परत ओता, आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. हात ठेवता येत नाही एवढं गरम असेल तर निघायचं नाही. तेवढं पाणी जवळ नसेल तर मुळात पेटवायचंच नाही.

आगीत फॉइल, पाकिटं, बाटल्या टाकू नका हे सांगायची गरज नसावी पण दगडांच्या चुलीत अर्धवट वितळलेलं प्लॅस्टिक इतक्या ठिकाणी दिसतं की सांगतेय.

प्रश्न: फळांच्या साली, उरलेलं जेवण हे तर नैसर्गिकच आहे. ते फेकलं तर प्राण्यांना खायला मिळतं, यात वाईट काय?

उत्तर: नैसर्गिक आहे पण त्या जागेचं नाहीये. संत्र्याची साल थंड किंवा कोरड्या हवेत महिनोन्‌महिने तशीच पडून राहते, बिया रुजल्या तर त्या जागी नसलेलं झाड उगवतं. आणि प्राण्यांना खायला मिळतं हाच तर मुख्य त्रास आहे. माणूस म्हणजे खाणं हे एकदा त्यांच्या डोक्यात बसलं की ते कॅम्पवर येतात, बॅगा फाडतात, रस्त्याच्या कडेला थांबायला लागतात आणि गाडीखाली जातात. मोठा प्राणी असेल, अस्वलासारखा, तर तो माणसांवर येतो आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. त्यामुळे सगळं परत. भांडी घासलेलं पाणी पण गाळून घ्या, गाळण्यातले कण कचऱ्याच्या पिशवीत आणि पाणी ओढ्यापासून ६० मीटर लांब जमिनीवर शिंपडून टाका. मोजून स्वयंपाक केलात तर यातलं निम्मं कामच उरत नाही.

प्रश्न: मी बायोडिग्रेडेबल साबण घेतलाय, आता ओढ्यात अंघोळ केली तर चालते ना?

उत्तर: नाही. तो साबण मातीतल्या जिवाणूंच्या मदतीनं विघटित व्हावा म्हणून केलेला असतो, पाण्यात तो साबणच राहतो आणि माशांच्या कल्ल्यांना, पाण्यातल्या किड्यांना त्रास देतोच. भांड्यात पाणी घेऊन काठापासून लांब जा आणि तिथं अंघोळ करा. नुसतं डुंबायचं असेल तरी अंगावर सनस्क्रीन, डासांचं क्रीम असेल तर आधी ते लांबवर धुऊन घ्या, छोट्या डबक्यात बेडकांची पिल्लं असतात आणि ते पाणी लवकर बदलत नाही. सनस्क्रीनबद्दल हे मी उगाच घाबरवायला म्हणत नाहीये, प्रवाळांना धोका नको म्हणून पलाऊ देशानं २०२० पासून आणि हवाईनं २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली. लांब बाह्यांचा शर्ट आणि टोपी हा सगळ्यात सोपा उपाय.

प्रश्न: मुलं दगडांवर दगड रचून मनोरे करतात, रंगीत गोटे खिशात घालतात. त्यांना पण नाही म्हणायचं का?

उत्तर: वाळूत किल्ला करू दे, पाण्यात दगड फेकू दे, काही बिघडत नाही. पण ओढ्यातले दगड उचलले की त्याखालची अंडी, अळ्या, छोटे मासे उघडे पडतात, आणि वाटेवर रचलेले मनोरे बघून मागून येणारा वाट चुकू शकतो कारण बऱ्याच ठिकाणी वाट दाखवायला तसेच दगड रचतात. मुलांना नाही म्हणण्यापेक्षा एकदा ओढ्यातला दगड हळूच उलटून खाली काय चिकटलंय ते दाखवा आणि परत तसाच ठेवायला त्यांनाच सांगा. मग ती मुलंच दुसऱ्यांना ओरडायला लागतात.

प्रश्न: प्राणी दिसला तर किती जवळ जाऊन फोटो काढावा?

उत्तर: अमेरिकेत यलोस्टोन नॅशनल पार्कचा नियम आहे, अस्वल, लांडगा असेल तर किमान ९१ मीटर आणि बाकीच्या प्राण्यांपासून २३ मीटर. हात सरळ लांब करून अंगठा वर करायचा, एक डोळा मिटायचा, आणि प्राणी अंगठ्यामागं पूर्ण झाकला गेला नाही तर आपण फार जवळ आहोत. आणि त्यानं खाणं थांबवून मान वर केली, कान टवकारले, तर अंगठ्यामागं झाकला जात असला तरी मागं सरा. पिल्लं किंवा घरटं असेल तर फोटो नकोच. ड्रोन पण नको.

प्रश्न: एका ठिकाणी जंगलात शिरायच्या आधी बूट ब्रशनं घासून औषधात बुडवायला लावले. हे जरा जास्तच नाही का?

उत्तर: अजिबात जास्त नाही, उलट असं सगळीकडे व्हायला हवं. न्यूझीलंडमध्ये कौरी नावाची शेकडो वर्षं जगणारी प्रचंड झाडं आहेत, त्यांच्या मुळांना मातीतल्या एका सूक्ष्म जीवामुळे रोग होतो, झाड मरतं आणि त्यावर अजून खात्रीचा इलाज नाही. तो पसरतो बुटांना चिकटलेल्या चिखलातून, चिमूटभर माती पुरते. म्हणून तिथं वाटांच्या तोंडाशी बूट धुवायची सोय केलीय आणि काही वाटा तर बंदच केल्यात. बेडकांना मारणारी एक बुरशी पण ओल्या चिखलातून, ओल्या सामानातून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकते. त्यामुळे सोय असो नसो, ट्रिपवरून आल्यावर बूट, टेंटचे खिळे, काठ्या घासून पूर्ण वाळवा, मोज्यांना चिकटलेल्या बिया झटकून घरच्या कचऱ्यात टाका, पुढच्या जंगलात नको.

प्रश्न: आम्ही नवीनच सुरू करतोय. इको-फ्रेंडली टेंट, बांबूची भांडी, असं बरंच काही दिसतं. काय काय घ्यावं?

उत्तर: पहिल्या दोनतीन वेळा काहीच विकत घेऊ नका, भाड्यानं किंवा ओळखीच्यांकडून आणा. कपाटात पडून राहिलेला टेंट कशाचाही बनलेला असला तरी तो इको-फ्रेंडली नसतो. घरातली स्टीलची भांडी उत्तम. पुढं घ्याल तेव्हा दुरुस्त होईल असं घ्या, पोल बदलून मिळतो का, चेन नवीन बसवता येते का ते विचारा. वॉटरप्रूफ जॅकेट घेताना पीएफएएस नसलेलं आहे का तेवढं लेबलवर बघा, ही रसायनं निसर्गात जवळजवळ विघटितच होत नाहीत. आणि एक हिशोब कुणी करत नाही, छोट्या ट्रिपच्या एकूण प्रदूषणात बऱ्याचदा सगळ्यात मोठा वाटा तिथवर जाण्यायेण्याचा असतो. चार गाड्यांऐवजी एक गाडी किंवा बस, आणि लांब एका रात्रीसाठी पळत जाण्यापेक्षा जवळ दोन रात्री, यानं जेवढा फरक पडतो तेवढा बांबूच्या चमच्यानं पडत नाही.

प्रश्न: आम्ही सगळं पाळतो पण शेजारच्या टेंटवाले रात्री स्पीकर लावतात, कचरा टाकतात. भांडायचं का?

उत्तर: भांडून कुणी स्पीकर बंद केलेला मी पाहिला नाही, उलट आवाज वाढतो. दिवसाउजेडी आधी ओळख करून घ्या, चहा विचारा, कुठून आलात वगैरे, मग संध्याकाळी सहज सांगा की रात्री इथं घुबड ओरडतं, शांत असलं की मस्त ऐकू येतं, तुम्ही पण ऐका. नियम सांगण्यापेक्षा कारण सांगितलं की लोक बरेचदा ऐकतात, बऱ्याच जणांना खरंच माहिती नसतं की आवाजानं रात्रीच्या प्राण्यांची शिकार, जोडीदार शोधणं सगळं बिघडतं. एक जास्तीची कचऱ्याची पिशवी कायम जवळ ठेवा आणि ती त्यांना द्या, नुसतं कचरा उचला म्हणण्यापेक्षा हातात पिशवी दिली तर काम जास्त वेळा होतं. दारू, दमदाटी असा प्रकार असेल तर मात्र मध्ये पडू नका, तिथल्या रेंजरना किंवा वनखात्याला कळवा आणि रात्रीपुरतं जमेल तेवढं लांब सरका.

पुढच्या अंकात पावसातल्या कॅम्पबद्दलचे प्रश्न घेणार आहे, पाठवताना टेंट कुठल्या प्रकारच्या जमिनीवर लावणार आहात तेवढं लिहा म्हणजे उत्तर नेमकं देता येईल.